खार की वानर?

मुलांनो, आफ्रिकेच्या पूर्वेस हिंदी महासागरात मादागास्कर नावाचे एक विशाल बेट आहे. तेथील अरण्यात रात्री झाडाच्या खोडावर टकटक असा आवाज कानी येतो. हा सुतारपक्ष्याचा उद्योग नव्हे. मांजराएवढा, काळसर राठ केसांचा एक प्राणी आपल्या काडीसारख्या बारीक मधल्या बोटाने खोड ठोकून पाहत असतो. आत अळीने पोखरलेली जागा आहे, असे आवाजावरून कळताच तो दातांनी लाकूड कुरतडतो आणि तेच बोट भोकात घालून अळी बाहेर ओढतो. या प्राण्याचे नाव आय-आय.

१७८२ साली सोनेरा या फ्रेंच निसर्गसंशोधकाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १७८८ मध्ये ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला खारींत बसविले. शेपटी झुबकेदार आणि समोरचे दात खारीप्रमाणे जन्मभर वाढणारे. मग तो खार नव्हे, तर दुसरा कोण?

काही विद्वानांना मात्र हे पटेना. अखेर रिचर्ड ओवेन या इंग्लिश शास्त्रज्ञाने मद्यार्कात जतन केलेल्या एका आय-आयचे शरीर अवयवश: तपासले व १८६३ मध्ये आपला निर्णय प्रसिद्ध केला. मागील पायाचा अंगठा इतर बोटांसमोर येऊन फांदी पकडणारा होता व त्यावर चपटे नख होते. डोळ्यांभोवती हाडाचे पूर्ण कडे होते. ही लक्षणे खारीची नव्हेत, लेमूरची होत! दात खारीसारखे झाले, ते कुरतडण्याचे काम सारखे म्हणून. नाते सारखे म्हणून नव्हे.

लेमूर नरवानर गणात मोडतात. या गणाचे दोन उपगण आहेत. एकात लेमूर आणि आपल्या दक्षिण भारतातील लोरिस येतात. त्यांच्या नाकाचा शेंडा कुत्र्याच्या नाकासारखा ओलसर असतो. दुसऱ्यात टार्सिअर, माकडे, वानर आणि आपण माणसे येतो. म्हणजे आय-आय हा आपला दूरचा आप्तच होय. अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनेही तो लेमूरच ठरला आहे.

परंतु या आप्तावर आज संकट ओढवले आहे. त्याची अरण्ये तोडली जात आहेत. शिवाय काही गावांतील लोक त्याचे विचित्र रूप पाहून त्याला अपशकुनी समजतात आणि ठार मारतात. त्याच्या कुलात ही एकच जाती आता जिवंत आहे. ती नष्ट झाली, तर एक संपूर्ण कुलच पृथ्वीवरून नाहीसे होईल.

रूपावरून विद्वान फसले, तसे गावकरीही फसले. विद्वानांची चूक पुढे ग्रंथात सुधारता आली. मेलेला प्राणी मात्र परत आणता येत नाही.

स्वाध्याय
१. आय-आयला खारींत का गणले गेले?
२. तो लेमूर आहे, हे कोणत्या लक्षणांवरून ठरले?
३. केवळ रूपावरून मत बनविल्याने झालेली एखादी चूक तुमच्या अनुभवातून सांगा.