घरच्या दुरुस्तीनंतर पॉवर टिलरचा आवाज बदलल्यास काय करावे?



तानसा नदीकाठच्या वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी परिसरातील भातशेतीत पावसाळ्याचे पहिले दिवस फार मोलाचे असतात. राबातील रोपे २१ ते २५ दिवसांची झाली की आवणी उरकावी लागते. हळव्या जातीची रोपे जून झाली तर फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. म्हणून बरेच शेतकरी मे महिन्यातच पॉवर टिलरचे हेड उघडून पॅकिंग बदलणे, नोझल साफ करणे, टॅपेट बसविणे ही कामे घरीच करतात. त्यात गैर काही नाही. परंतु दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होताच पूर्वी नसलेला आवाज येऊ लागला, तर "चालून चालून बसेल" असे समजू नये. नव्या आवाजाचे कारण बहुधा आपण हात लावलेल्या भागातच असते. म्हणून काय उघडले, काय बदलले याची प्रथम यादी करावी.

हाताने चाचणी

इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. सपाट जागेवर ऑइलची पातळी पाहावी. नंतर इंधन बंद ठेवून, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून हँडलने इंजिन सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून एक फेरा पुरत नाही. एखाद्या ठिकाणी अडल्यासारखे वाटले किंवा धातूला धातू लागला, तर इंजिन सुरू करू नये.

इंधन तोडून चाचणी

हाताने मोकळे फिरत असेल तर इंजिन मोकळ्या हवेत थोडा वेळ मंद गतीवर चालवावे व इंधन तोडावे. चाक थांबेपर्यंतचे काही क्षण कान देऊन ऐकावे. इंधन तुटताच आवाज गेला तर दोष नोझल किंवा इंधनाच्या वेळेत असण्याचा संभव अधिक. चाक थांबेपर्यंत आवाज येत राहिला तर दोष यांत्रिक आहे असे धरावे.

आवाजावरून कारण

१) हलकी टक-टक, हेडच्या बाजूने : टॅपेटची फट जास्त आहे. पुष्कळदा पिस्टन वर असला तरी तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक नसतो आणि फट चुकीच्या वेळी मोजली जाते. चाक थोडे मागे-पुढे हलवावे. दोन्ही व्हॉल्व्ह स्थिर राहिले तरच ती जागा बरोबर. इंजिन थंड असताना, पुस्तिकेत दिलेल्या मापाची फट फिलर गेजने ठेवावी.

२) कडक, खणखणीत ठोके : इंधन वेळेआधी पडत आहे. फ्युएल पंप काढला असल्यास त्याखालच्या पातळ पत्र्या (शिम) मोजाव्यात. जितक्या निघाल्या तितक्याच बसवाव्यात. एखादी कमी पडली तरी इंधन लवकर पडते.

३) फट-फट किंवा चुक-चुक : वायू गळत आहे. सायलेन्सरच्या पॅकिंगजवळ काजळी दिसते. नोझलखालचा तांब्याचा वॉशर बसविण्याचे राहिले, किंवा जुना आत असतानाच नवा घातला, हेही तपासावे.

४) हेड बसविल्यावर प्रत्येक फेऱ्याला ठोका : पॅकिंग पातळ असल्यास पिस्टन हेडला टेकू शकतो. पॅकिंगची जाडी जुन्याशी व पुस्तिकेशी पडताळावी.

५) अनियमित धडधड : फ्लायव्हीलचा नट, पुली किंवा बसणीचे बोल्ट सैल असू शकतात. ते इंजिन बंद असतानाच आवळावेत.

६) खालून जड ठक-ठक, भार दिल्यावर वाढणारी : कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा दोष. इंजिन त्वरित बंद करावे. ऑइल काढून त्यात धातूचे चमकते कण आहेत का ते पाहावे आणि पुढील काम जाणकार कारागिराकडेच द्यावे.

घ्यावयाची काळजी

लांब पेचकस लावून ऐकताना तो पट्ट्यापासून व चाकापासून दूर धरावा. धोतर, लुंगी, गळ्यातला रुमाल आवरून घ्यावा. बंद पडवीत इंजिन चालवू नये, त्याचा धूर जीवघेणा ठरू शकतो.

आवणीच्या ऐन घाईत सहावा आवाज आला, तर "एवढे खाचर उरकून घेऊ" हा मोह टाळावा. शेजाऱ्याचा टिलर भाड्याने घ्यावा, नाही तर बैलांनी चिखलणी करावी. रोपे चार दिवस थांबली तर नुकसान थोडे होते. बेअरिंग निकामी होऊन क्रँकशाफ्ट खराब झाला, तर पूर्ण हंगाम आणि मोठा खर्च दोन्ही अंगावर येतात. यासाठी दुरुस्ती आवणीच्या निदान पंधरा दिवस आधी करावी, टिलर शेतात तासभर चालवून पाहावा आणि निरोगी इंजिनाचा आवाज कानात साठवून ठेवावा. तो ओळखीचा असेल, तर बिघडलेला आवाज लगेच कळतो.