‘थ्रेट’ आणि ‘मेनस’ : अर्थ, उपयोग व अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. पुढे वरच्या इयत्तेच्या पाठात ‘थ्रेट’ हा शब्द आला, की फळ्यावर त्यापुढे ‘धमकी’ असे लिहून पुष्कळदा पाठ पुढे नेला जातो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. तेवढ्यावर थांबलेला विद्यार्थी ‘द क्लाउड्स आर थ्रेटनिंग’ या वाक्याचे ‘ढग धमकी देत आहेत’ असे भाषांतर करतो आणि वर्गात हशा पिकतो. दोष विद्यार्थ्याचा नसतो. त्याला मिळालेल्या अर्ध्या अर्थाचा असतो.

अर्थ : मनुष्य दुसऱ्यास अपाय करण्याचे भय घालतो, तेव्हा ‘थ्रेट’ म्हणजे धमकी. संकट येऊ घातल्याची चिन्हे दिसतात, तेव्हा ‘थ्रेट’ म्हणजे सावट. एखाद्या गोष्टीपासून हानी संभवते, तेव्हा ‘थ्रेट’ म्हणजे धोका. ‘मेनस’ हा शब्द अधिक ग्रांथिक असून, सतत वावरणाऱ्या उपद्रवास तो विशेष शोभतो. २०१७ च्या हंगामात यवतमाळसह विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. अशा उपद्रवास इंग्रजीत ‘मेनस’ म्हणतात. डोळे वटारून पाहणाऱ्याची नजर ‘मेनसिंग’ होय.

‘थ्रेटन्ड’ हे रूप मात्र संकटात सापडलेल्याचे आहे. टिपेश्वर अभयारण्यालगत गुरे चारणाऱ्यास वाघ हा ‘थ्रेट’ असतो. पण वाघाची जात स्वतः ‘थ्रेटन्ड’ म्हणजे नष्ट होण्याचा धोका असलेली आहे. एकाच प्राण्याविषयी ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली, की फरक मुलांच्या चटकन ध्यानात येतो.

उच्चार व रचना : ‘थ्रेट’ मधील स्वर ऱ्हस्व आहे, ‘थ्रीट’ असा उच्चार करू नये. मराठीत ‘त्याला धमकी दिली’ असे म्हणतात, म्हणून विद्यार्थी ‘ही थ्रेटन्ड टू हिम’ असे लिहितो. येथे ‘टू’ नको. ‘ही थ्रेटन्ड हिम’ हे शुद्ध होय. पुढे क्रियापद आले तरच ‘टू’ येतो : ‘ही थ्रेटन्ड टू लीव्ह’, म्हणजे निघून जाण्याची धमकी दिली. तसेच धमकी ‘देणे’ यासाठी इंग्रजीत ‘गिव्ह’ न वापरता बहुधा ‘मेक अ थ्रेट’ असे म्हणतात.

धमकी व इशारा : ‘वॉर्न’ म्हणजे सावध करणे. ‘नाल्याला पूर आहे, पलीकडे जाऊ नकोस’ हा इशारा. ‘पलीकडे गेलास तर मारीन’ ही धमकी. पहिल्यात अपाय पुरापासून होणार आहे व बोलणारा ऐकणाऱ्याचे हित पाहतो. दुसऱ्यात अपाय करणारा बोलणाराच आहे. या कसोटीवर दोन्ही शब्द निश्चित वेगळे करता येतात.

अध्यापन : जिल्ह्यातील कित्येक मुलांच्या घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली बोलली जाते. त्यांना मराठी प्रतिशब्दही काही वेळा परकाच असतो. म्हणून आधी प्रसंग सांगावा, शक्य तर तो मुलांकडून करवून घ्यावा. शब्द त्यानंतर द्यावा. आभाळ भरून आले आहे, कळपाजवळ वाघाचा माग दिसला आहे, दांडगा मुलगा लहान मुलाची पाटी हिसकावण्याचे भय घालीत आहे, हे तीन प्रसंग पुरेसे आहेत.

मात्र या शब्दाचा चौथा प्रसंग वर्गात नकळत घडू नये. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलास शारीरिक शिक्षा देण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. ‘पाठ केला नाहीस तर छडी मिळेल’ या वाक्याने ‘थ्रेट’ चा अर्थ मुलास पक्का कळतो. पण पाठातील बाकीचे शब्द भीतीपोटी निसटतात. ‘हा धडा कच्चा राहिला तर पुढचा अवघड जाईल’ हा इशारा आहे, आणि शिक्षकाच्या मुखी तोच शोभतो.

स्वाध्याय : पुढील वाक्यांत धमकी, सावट, धोका व इशारा यांपैकी काय आहे ते मुलांकडून सांगवून घ्यावे. (१) ढग दाटून आले आहेत, गंजी झाकून घ्या. (२) माझे नाव सांगितलेस तर बघ. (३) यंदा दुष्काळाची चिन्हे दिसतात. (४) विहिरीचा कठडा मोडल्याने मुलांच्या जिवास भय आहे.