तापवली तर दाब वाढेल ना?

प्रश्न : गे-ल्युसॅकचा नियम सांगतो, बंद भांड्यातला वायू तापवला की त्याचा दाब वाढतो. आमच्या औंढा नागनाथजवळच्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो प्रकल्पात नळ्यांमधली हवा काढून टाकणार आहेत आणि त्यासाठी अशा नळ्या तापवतात, असं ऐकलं. दाब कमी करायचा तर नळी गार करायला हवी ना? – एक विद्यार्थिनी, औंढा नागनाथ

उत्तर : शंका रास्त आहे आणि नियमही खरा आहे. मात्र त्या नियमाला एक अट आहे. भांड्यात वायू जेवढा होता तेवढाच राहिला पाहिजे, तरच तो लागू पडतो. इथे एका बाजूने पंप वायू ओढत असतात आणि दुसऱ्या बाजूने खुद्द नळीची भिंत वायू सोडत असते.

भिंत कसला वायू सोडते? नळीचं पोलाद कितीही चकचकीत असलं तरी उघड्या हवेत त्यावर पाण्याचे रेणू चिकटून बसतात. शिवाय पोलाद तयार होतानाच थोडा हायड्रोजन त्यात मुरलेला असतो. आतली हवा ओढून झाली की हे रेणू सावकाश सुटू लागतात आणि ते लवकर संपत नाहीत. वसमतकडे हळद वाळवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको : वरून खडखडीत दिसणाऱ्या हळकुंडात आत ओल राहिली, तर ती पुढे पोत्यात त्रास देते. म्हणून आधीच कडक उन्हात वाळवायचं.

नळीचंही तसंच करतात. ३० अंश सेल्सिअसवरून १६० अंशांवर नेलं, तर नियमानुसार आतल्या वायूचा दाब जेमतेम १.४ पट होईल. पण त्याच उष्णतेने भिंतीवरचे रेणू सुटण्याचा वेग शेकडो-हजारो पटींनी वाढतो. वर्षानुवर्षं रेंगाळले असते ते काही आठवड्यांत बाहेर येतात आणि पंप त्यांना ओढून नेतात. मग नळी गार झाली की भिंतीकडे सोडण्यासारखं फारसं उरत नाही. अमेरिकेतल्या लायगोच्या प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या नळ्या १५० ते १७० अंशांवर महिनाभर तापवल्या होत्या, तेही नळीच्या पोलादातूनच वीज सोडून.

मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की, भिंतीच्या या ओलीने जोसेफ लुई गे-ल्युसॅकच्या आधीच्या संशोधकांनाही चकवलं होतं. वायू तापवल्यावर किती प्रसरण पावतो, याची त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नव्हती. काचेच्या भांड्यात राहिलेलं पाणी तापून वाफ होई आणि वायू वाजवीपेक्षा जास्त फुगल्यासारखा दिसे. गे-ल्युसॅकने भांडी आणि वायू काळजीपूर्वक कोरडे केले, तेव्हा सगळे वायू सारख्याच प्रमाणात फुगतात हे १८०२ मध्ये स्पष्ट झालं. तेव्हा तो अवघ्या तेवीस वर्षांचा होता.

त्याचं ते काम आकारमानाबद्दलचं होतं, दाबाबद्दलचं नव्हे. त्याचं श्रेय त्याने चार्ल्स या फ्रेंच संशोधकाच्या सुमारे पंधरा वर्षांपूर्वीच्या अप्रकाशित प्रयोगांनाही दिलं, म्हणून पुस्तकात आकारमानाचा तो नियम चार्ल्सच्या नावाने आहे. दाब आणि तापमानाचा संबंध तर आमोंताँ या दुसऱ्या फ्रेंच संशोधकाने शंभर वर्षं आधीच ताडला होता. नावांची ही अदलाबदल परीक्षेत विचारत नाहीत, पण माहीत असावी.

आता उरला अशा नळीला लावल्या जाणाऱ्या ‘निर्वात’ शब्दाचा गैरसमज. एवढं करूनही नळी पूर्ण रिकामी होत नाही. अमेरिकेतल्या नळ्यांत दाब वातावरणाच्या एक लाख कोटीव्या भागावर आणला आहे, तरी दर घन सेंटिमीटरमध्ये दोन-तीन कोटी रेणू उरतातच. नळीतून धावणारा लेसर किरण या रेणूंजवळून जाताना किंचित थबकतो. गुरुत्वीय लहरीने नळीच्या टोकांच्या आरशांमधल्या अंतरात होणारा फरक या किरणाने मोजतात आणि तो प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यामुळे रेणू याहून जास्त असते, तर त्यांच्या गोंधळात तो फरक हरवून गेला असता. औंढ्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून तिथल्या नळ्याही चार-चार किलोमीटरच्या असणार आहेत.