मेमो काढण्याआधी ट्रिप शीट बघ

अगं, ट्रान्सपोर्टचं टेबल तुझ्याकडे आलं हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. पण काल फोनवर तुझा आवाज जरा उतरलेला वाटला. ओव्हरस्पीडच्या अलर्टनी मेलबॉक्स भरलाय, एचआरवाले ‘मेमो कधी काढताय’ म्हणून मागे लागलेत आणि ड्रायव्हर लोक तुझ्याशी धड बोलत नाहीत. मी हे काम बरीच वर्षं केलंय, म्हणून चार गोष्टी सांगते. बाकी कुणी तुला या सांगणार नाही.

आधी एक मनाशी पक्कं कर. गाडीच्या वेगावर लक्ष ठेवण्यात काहीच गैर नाही. ‘मॅडम, आमच्यावर पाळत ठेवता का?’ असं कुणी विचारलं तर अवघडून जाऊ नकोस. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढं अंतर निघून गेलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. तुझ्या रात्रपाळीच्या बसमध्ये मागे झोपलेल्या पोरी असतात, त्यांच्या घरचे दाराशी वाट बघत असतात. तेव्हा लक्ष ठेवायचंच. फक्त ते कसं ठेवायचं, हे नीट शिकून घे.

सारांशाच्या तक्त्यावर कधीच विसंबू नकोस. ‘एमएच १४ अमुक, ओव्हरस्पीड ११ वेळा’ एवढ्यावर कुणाची नोकरी पणाला लावायची नसते. कच्चा डेटा मागव, दहा-दहा सेकंदांचा. त्यात वेग ७२, ७४, १३८, ७३ असा दिसला, तर समजून जा की जीपीएसने उडी मारलीय. भरलेली बस दहा सेकंदांत ७४ वरून १३८ वर जाऊन परत खाली येऊच शकत नाही. बोगद्याच्या तोंडाशी, पुलाखाली, उंच इमारतींच्या गल्लीत हे होतं. दुसरी गंमत सर्व्हिस रोडची. गाडी हायवेवरून चाललेली असते आणि नकाशा तिला शेजारच्या सर्व्हिस रोडवर धरतो, की मर्यादा एकदम खाली येते आणि अलर्टची माळ लागते. पण ८८, ९१, ९०, ९३ असं सलग सात-आठ मिनिटं दिसलं, तेही पहाटे पावणेतीनला, तर मात्र तिथे थांब. असल्या बसला स्पीड गव्हर्नर ८० वर लावलेला असायला हवा. मग ही गाडी ९० ला गेलीच कशी? गव्हर्नर कुणी काढला? हा प्रश्न ड्रायव्हरइतकाच मेंटेनन्सला आणि गाडीच्या मालकाला विचारायचा.

आता मुख्य गोष्ट. मेमोवर सही करण्याआधी त्या दिवसाची ट्रिप शीट समोर ठेव आणि त्या माणसाला किती वेळ दिला होता ते बघ. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा. कारने १०० च्या मर्यादेत, कुठेही न अडकता गेलं तरी ५७ मिनिटं लागतात. १२० ने हाकली तर ४७. म्हणजे जिवावर उदार होऊन मिळाली दहा मिनिटं, आणि तीही कागदावरच. घाटात मर्यादा आणखी खाली येते आणि पुढे वाशीच्या गर्दीत सगळी धुऊन निघतात. तरीही ‘गेस्टची फ्लाइट आहे, दोन तासांत विमानतळावर पोचव’ असं चाकणहून सांगणारे साहेब असतातच. तळेगाव चौकातच अर्धा तास जातो, हे त्यांना ठाऊक असतं. ड्रायव्हर बिचारा ‘हो साहेब’ म्हणतो. त्याचा वेग रिपोर्टमध्ये येतो, साहेबांचा फोन कुठेच येत नाही.

कायद्याला मात्र हे कळतं, आणि तुलाही माहीत असू दे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर वेग मोडणाऱ्याबरोबरच, आपल्या नोकराला तसं चालवायला लावणाराही दंडाला पात्र आहे. त्याच कलमात पुढे म्हटलंय, की अमुक वेळात पोचायचं असं वेळापत्रक काढलं किंवा हुकूम दिला, आणि मर्यादा मोडल्याशिवाय ते शक्य नव्हतं असं कोर्टाचं मत झालं, तर तो हुकूमच देणाऱ्याच्या विरोधात प्रथमदर्शनी पुरावा ठरतो. रोस्टर तू काढणार आहेस, म्हणून हे काळजीने सांगतेय. पिकअपच्या दोन थांब्यांमध्ये किती मिनिटं लागतात ते एकदा स्वतः बसमध्ये बसून बघ. पावसाळ्यात पुन्हा बघ.

डिझेलच्या अ‍ॅव्हरेजवर बक्षीस देता का तुम्ही? असेल तर त्याचाही विचार कर. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना कितीतरी ट्रक न्यूट्रलवर सोडलेले असतात, डिझेल वाचतं म्हणून. मग ब्रेक तापतात, लागेनासे होतात आणि पुढे काय होतं ते पेपरात वाचतोच आपण. डिझेल वाचवलं म्हणून बक्षीस आणि उतारावर वेग गेला म्हणून मेमो, हे एकाच कंपनीतून निघालं तर ड्रायव्हर तुमचं कशाला ऐकेल?

एवढं बघूनही चूक त्याचीच निघाली, तर कारवाई कर. पण आधी बोलाव, एकट्याला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव आणि आकडा टाकायचा प्रकार तुमच्याकडे चालतो ना, तो आजच बंद कर. पन्नाशीच्या माणसाला पोराच्या वयाच्या लोकांसमोर असं उघडं पाडलेलं मला सहन होत नाही. खुर्ची दे, चहा सांग, स्क्रीन त्याच्याकडे वळव आणि विचार, ‘काका, इथे काय झालं होतं?’ कधी डबल ड्युटी निघते, कधी घरचं आजारपण. कधी नुसती सवयही निघते, मग तसं स्पष्ट सांग. त्याला आठवण दे की दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स जप्त करायची तरतूद आहे, आणि लायसन्स गेलं की चूलच थंड. त्याचं म्हणणं लेखी घे, मगच मेमो.

पगारातून दंड कापायचा म्हणाले तर सरळ मान डोलावू नकोस. कायद्यात दंड त्या महिन्याच्या वेतनाच्या ३ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. २०,००० पगार असेल तर ६०० रुपये. बाजू मांडायची संधी द्यावीच लागते, हप्त्याने कापता येत नाही आणि जमलेला दंड कामगारांच्या हितासाठीच वापरायचा असतो. ठेकेदाराच्या ड्रायव्हरचं तर फारच वाईट. ‘उद्यापासून हा नको’ एवढा एक फोन, की त्याचं काम गेलं. तसा फोन तुझ्या हातून जाऊ देऊ नकोस. त्याचंही ऐकून घे, ठेकेदाराकडून लेखी माग.

आणि नियम सगळ्यांना एकच. सेल्सच्या मॅनेजरची कंपनीची गाडी १३० ने जाते, तिचा अलर्ट कुणी उघडत नाही, हे ड्रायव्हरांना पक्कं माहीत असतं. पहिला मेमो तिथे जाऊ दे. मात्र त्यांना ती गाडी घरी वापरायची मुभा असेल, तर रविवारी ती कुठे उभी होती हे बघायचं आपल्याला कारण नाही. वेग बघ, पत्ता बघू नकोस.

साहेब ऐकणार नाहीत, तेही सांगून ठेवते. ‘तेवढं अ‍ॅडजस्ट कर’ म्हणतील. वाद घालू नकोस. मेल कर: ‘सर, या फेरीला मर्यादेत अडीच तास लागतात, दोन तासांत पोचवायचं असल्यास कृपया लेखी कळवावे.’ मला सीसीमध्ये नको ठेवूस, पण पाठवायच्या आधी मजकूर मला वाचून दाखव.