थाळनेर: तापीकाठचा किल्ला कसा पाहावा

खानदेशाला समुद्र नाही, म्हणून पाण्यातला किल्ला पाहायचा तर आपण थेट जंजिऱ्याची वाट धरतो. त्याआधी शिरपूर तालुक्यातलं थाळनेर पाहून या. समुद्राचं काम इथे तापीमाईने केलंय.

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर आणि तिथून थाळनेर. जळगावकरांनी चोपड्यावरून यावं. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत कधीही जा, पण सकाळी लवकर पोहोचा. पाणी आणि टोपी विसरू नका.

किल्ला बराच ढासळलाय, त्यामुळे आधी खालून फेरी मारा. एका अंगाला नदी, उरलेल्या तीन अंगांना घळीसारखा खोलगट भाग. १८१८ साली तो शंभर ते दीडशे यार्ड रुंद होता आणि त्यावर साठेक फूट तट उभा होता, अशी इंग्रजांची नोंद आहे. पूर्वेकडे एकामागे एक पाच दरवाजे होते. त्या बाजूला उभं राहून २७ फेब्रुवारी १८१८ चा दिवस आठवा. महिदपूरच्या पराभवानंतर होळकरांनी खानदेश इंग्रजांना तोडून दिला, पण किल्लेदार तुळशीराम मामाने थाळनेर सोडलं नाही. जनरल हिस्लॉपने तोफा लावल्या. पाचव्या दरवाजाच्या दिंडीतून काही इंग्रज अधिकारी आत शिरले आणि बोलण्यात गोंधळ होऊन चकमक उडाली. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर मारले गेले. मग इंग्रजांनी आतली शिबंदी, बहुतेक अरब, कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. या फाशीवरून पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेतही प्रश्न उठले. एवढं घडलेल्या जागी थोडं शांत बसावं, असं मला मनापासून वाटतं.

नदीकडच्या कडेला मात्र जपून. गाळमाती वरून टणक दिसते, पण पावसाने ती खालून पोखरलेली असते. फोटोसाठी टोकावर जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका.

खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या कबरी मुळीच चुकवू नका. त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष मलिक राजा १३९९ मध्ये वारला, तो इथेच विसावलाय. अष्टकोनी कबरीच्या भिंतीवरचं कोरीव काम तिरप्या उन्हात छान उठून दिसतं, तेव्हा ती सकाळीच पाहा.

दिवस उरला तर परतताना धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ गाठा. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं तिथे जपली आहेत. वेळ आधी विचारून घ्या.