रेफरन्सेस : शेवटच्या रात्री करायचं काम नाही!

मित्रहो, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये डोकावून बघा. रिपोर्ट टाईप झालेला असतो, आकृत्या चिकटलेल्या असतात, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडतो, "अरे, रेफरन्सेस राहिले!" मग सीनियरचा जुना रिपोर्ट उघडला जातो, त्याची शेवटची दोन पानं कॉपी होतात आणि सगळी गँग चहाला निघते. आम्हीही हेच केलं. फक्त आम्ही ते रिपोर्टमध्ये नाही, तर जर्नलला पाठवायच्या पेपरमध्ये केलं.

विषय होता बेअरिंगच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचा. तिघांची आठ महिन्यांची मेहनत आणि २७ संदर्भ. पेपर चार दिवसांत परत! परीक्षकांपर्यंत तो पोचलाच नव्हता. संपादकांचं म्हणणं थोडक्यात असं: मांडणी जर्नलच्या पद्धतीची नाही, मजकुरातले क्रमांक यादीशी जुळत नाहीत आणि १४ नंबरच्या संदर्भाचा मजकुरात कुठेच उल्लेख नाही. त्यानंतर जे शिकलो, ते तुमच्यासाठी लिहितो आहे.

१. आधी जर्नलचे नियम वाचा

प्रत्येक जर्नल लेखकांसाठी सूचना देतं. त्या लिहायला बसण्यापूर्वीच वाचायच्या. आपल्याला मुख्यतः दोन पद्धती भेटतात. आयईईईच्या पद्धतीत मजकुरात चौकोनी कंसात क्रमांक येतो, आणि यादी उल्लेखाच्या क्रमाने लागते. एपीए पद्धतीत मजकुरात आडनाव आणि वर्ष येतं, आणि यादी आडनावाच्या अक्षरक्रमाने लागते.

आपल्या सगळ्यांच्या ओळखीच्या शॅनन साहेबांचंच उदाहरण घ्या. आयईईई पद्धतीत नोंद साधारण अशी दिसेल:

[१] सी. ई. शॅनन, "अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन," बेल सिस्टिम टेक्निकल जर्नल, खंड २७, अंक ३, पाने ३७९–४२३, जुलै १९४८.

एपीएमध्ये आडनाव आधी, मग आद्याक्षरं, आणि लगेच कंसात वर्ष: शॅनन, सी. ई. (१९४८). शीर्षकाला अवतरणचिन्हं नाहीत. माहिती तीच, फक्त क्रम आणि विरामचिन्हं वेगळी. आमच्या यादीत या दोन्ही पद्धती होत्या, आणि तिसरी आमची स्वतःची!

आयईईईचे लक्षात ठेवण्यासारखे आणखी काही नियम: एका संदर्भाला एकदा मिळालेला क्रमांक पेपर संपेपर्यंत तोच राहतो. क्रमांक पूर्णविरामाच्या आधी येतो, नंतर नाही. सहापर्यंत लेखक असतील तर सगळ्यांची नावं द्यायची, त्याहून जास्त असतील तर पहिलं नाव आणि पुढे 'एट अल.' म्हणजे 'आणि इतर'. आणि जे मजकुरात नाही ते यादीतही नाही. यादी भारदस्त दिसावी म्हणून घातलेला संदर्भ म्हणजे आमचा नंबर १४.

२. तपशील मूळ पानावरून घ्या

शॅननचा पेपर १९४८ मध्ये जुलै आणि ऑक्टोबर अशा दोन भागांत आला. दुसरा भाग त्याच खंडात ६२३ ते ६५६ पानांवर आहे. पुढे १९४९ मध्ये वॉरन वीव्हर यांच्या लेखासह त्याचं पुस्तक निघालं, तेव्हा शीर्षकातल्या 'अ'चा 'द' झाला. म्हणजे 'द' लिहून १९४८ टाकलंत तर पुस्तकाचं नाव आणि पेपरचं वर्ष अशी खिचडी होते. एका अक्षराची चूक, पण तपासणाऱ्याला लगेच कळतं की मूळ पान तुम्ही बघितलेलं नाही.

हे नुसतं आमच्याच हॉस्टेलमध्ये चालतं असं समजू नका. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोघांनी २००३ मध्ये एका गाजलेल्या पेपरचे सुमारे ४३०० उल्लेख तपासले. त्यात १९६ चुकीचे निघाले, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. एकच चूक तर ७८ वेळा! व्हायव्हाच्या जर्नलमध्ये सगळ्यांचं उत्तर एकाच ठिकाणी चुकलं की सरांना जे कळतं, तेच इथे कळलं.

त्याहून मजेशीर प्रकार २०१७ मध्ये उजेडात आला. एल्सेव्हिअरच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात व्हॅन डर गीर यांचा एक काल्पनिक संदर्भ होता, फक्त मांडणी दाखवण्यासाठी. कधीही न लिहिलेल्या या पेपरचे जवळजवळ ४०० उल्लेख सापडले. नमुना पुसायचा राहून गेला होता!

३. क्रमांक हाताने घालू नका

प्रस्तावनेत एक नवीन संदर्भ घुसला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. आमचा घोळ इथेच झाला. २००६ पासून मोफत मिळणारं झोटेरो वापरा, ते वर्डमध्येच क्रमांक लावून देतं. लाटेक वापरत असाल तर बिबटेक आहेच. त्यात क्रमांकाऐवजी प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका: बिबटेक चालवा आणि नंतर लाटेक दोनदा. तरीही प्रश्नचिन्ह राहिलं तर नोंदीचं नाव चुकलंय. शीर्षकातली 'मॅटलॅब'सारखी मोठी अक्षरं आयईईईच्या शैलीत लहान होतात, त्यांना महिरपी कंस घाला.

मात्र टूल फक्त मांडणी करतं. आत कचरा टाकलात तर बाहेर नीट मांडलेला कचरा येतो. चॅटजीपीटीसारख्यांना संदर्भ विचारत असाल तर जास्तच सांभाळा, अस्तित्वात नसलेला पेपरही ते अगदी व्यवस्थित स्वल्पविरामांसह देऊ शकतात. डीओआय टाकून मूळ पान उघडतं का, ते बघायचंच.

४. आणि सगळ्यात महत्त्वाचं

एवढं सगळं दुरुस्त करून आम्ही सरांकडे गेलो. त्यांनी यादी बघितली, नववा संदर्भ दाखवला आणि विचारलं, "काय रे, हा पेपर वाचलायस?"

वाचला नव्हता. 'कमी वेगाला ही पद्धत चालत नाही' या वाक्यापुढे तो लावलेला होता. वाक्य आणि संदर्भ दोन्ही सीनियरच्या रिपोर्टमधून आले होते. त्या रात्री पेपर उघडला. लेखकांनी कमी वेगाला चाचणी घेतलीच नव्हती, आणि तसं त्यांनी स्पष्ट लिहिलंही होतं. आमच्या कामाची गरज त्याच एका वाक्यावर उभी होती.

वाक्य तसंच ठेवलं असतं तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं. रूममध्ये यावर बराच वाद झाला. शेवटी वाक्य काढलं आणि कमी वेगाची चाचणी स्वतःच घेतली. दोन आठवडे लॅबमध्ये गेले, विशेषांकाची तारीख हुकली. पेपर आता दुसऱ्या जर्नलकडे गेलाय, निकाल यायचाय. त्यात संदर्भ १९ आहेत, आणि प्रत्येकाची पीडीएफ आम्ही तिघांनी वाचलेली आहे.

तेव्हा दोस्तांनो, संदर्भ म्हणजे वाचणाऱ्याला दिलेला पत्ता. त्या पत्त्यावर आपण स्वतः एकदा तरी जाऊन आलेलो असावं. आमचा रिपोर्ट पुढच्या वर्षी लायब्ररीत येईल. वाचा जरूर, पण शेवटची दोन पानं कॉपी करू नका!