जठराचा कर्करोग : शस्त्रक्रिया आणि रसायनोपचार यांची सांगड

कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन नगरे एकापाठोपाठ एक वसलेली आहेत. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले आणि १९४९ मध्ये नामकरण झालेले उल्हासनगर लहानमोठ्या उद्योगांनी गजबजले. अकराव्या शतकातील शिवमंदिरासाठी प्रसिद्ध असलेले अंबरनाथ कारखान्यांचे गाव बनले, तर बदलापूर हे प्रामुख्याने मुंबईकडे रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांचे वसतिस्थान झाले. या परिसरातील कष्टकरी माणूस पोटाच्या बहुतेक तक्रारींना एकच नाव देतो. ते नाव म्हणजे पित्त. औषधाच्या दुकानातून गोळी घ्यावयाची आणि पुढची गाडी पकडावयाची, हा त्याचा नित्याचा क्रम असतो. बहुतेकांच्या बाबतीत ते पित्तच असते. परंतु ज्या थोड्यांच्या बाबतीत ते पित्त नसते, त्यांचे मोलाचे महिने या गोळ्यांत निघून जातात. जठराच्या कर्करोगावरील उपचारांत गेल्या पाव शतकात मोठी प्रगती झाली आहे. मात्र तिचा लाभ मुख्यतः वेळेवर पोहोचणाऱ्या रुग्णालाच होतो.

रोगाचे स्वरूप

जठराच्या आतील अस्तरात या रोगाचा उगम होतो. तेथून तो भिंतीच्या खोल थरांत, मग लसीकाग्रंथींत आणि पुढे यकृत किंवा उदरपटलापर्यंत पसरतो. पश्चिम भारतात त्याचे प्रमाण जपान, कोरिया किंवा आपल्याच देशातील मिझोरम यांच्या मानाने कमी आहे. त्यामुळे तेथल्याप्रमाणे सरसकट तपासणीची मोहीम आपल्याकडे नाही, आणि लक्षणांकडे लक्ष देणे हाच लवकर निदानाचा मार्ग उरतो.

रोगाच्या कारणांपैकी सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो जठरातून वेगळा करून वाढविला. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश निश्चित कर्करोगकारकांत केला, आणि २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूचा संसर्ग अनेकांना असतो. पण कर्करोग त्यांपैकी फार थोड्यांना होतो. तंबाखू आणि मिठात मुरविलेल्या पदार्थांचे अतिसेवन यांमुळे धोका वाढतो.

गिळताना अडथळा येणे, दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटणे, कारण नसता वजन घटणे, वारंवार उलट्या होणे, डांबरासारखी काळी शौचास होणे आणि रक्तक्षयामुळे थकवा येणे, ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पित्ताच्या गोळ्यांनी तात्पुरता आराम पडला, एवढ्यावर समाधान मानू नये. तोंडावाटे दुर्बीण घालून जठराची तपासणी करणे आणि संशयास्पद जागेचा लहानसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. रोग कोठवर पसरला आहे हे त्यानंतर सी.टी. स्कॅनने आणि आवश्यकतेनुसार पोटात दुर्बीण घालून ठरविले जाते.

शस्त्रक्रियेची वाटचाल

जठराचा कर्करोगग्रस्त भाग यशस्वीरीत्या काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी जानेवारी १८८१ मध्ये केली. रुग्ण स्त्री शस्त्रक्रियेतून बरी झाली. परंतु काही महिन्यांतच रोग उलटून तिचा मृत्यू झाला. जठर कापून पुन्हा जोडता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण डोळ्यांना न दिसणारा रोग मागे राहतो, हेही त्याच अनुभवाने दाखवून दिले. पुढील सुमारे सव्वाशे वर्षांचे संशोधन प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरले आहे.

जपानी शल्यविशारदांनी जठराबरोबरच रक्तवाहिन्यांलगतच्या दूरच्या लसीकाग्रंथीही काढण्याची पद्धत विकसित केली. तिला डी-२ असे म्हणतात. युरोपात मात्र या विस्तृत शस्त्रक्रियेविषयी शंका होती. नेदरलँड्समध्ये ७११ रुग्णांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात १९९५ मध्ये असे दिसले की, मर्यादित शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी ४, तर विस्तृत शस्त्रक्रियेनंतर १०० पैकी १० रुग्ण दगावले. निष्कर्ष प्रतिकूल वाटला. परंतु त्याच रुग्णांचा १५ वर्षे पाठपुरावा केल्यावर २०१० मध्ये वेगळे चित्र समोर आले. मर्यादित शस्त्रक्रियेच्या गटात ४८ टक्के रुग्णांचा मृत्यू या कर्करोगाने झाला होता, तर विस्तृत शस्त्रक्रियेच्या गटात ३७ टक्के रुग्णांचा. तात्पर्य असे की, पद्धत योग्य होती. ती निष्णात हातांनी आणि सुसज्ज रुग्णालयात होणे आवश्यक होते.

ही अट आपल्याकडे पुरी होऊ शकते काय, या प्रश्नाचे उत्तर परळ येथे मिळाले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत असलेले टाटा स्मारक रुग्णालय हे देशातील कर्करोगोपचाराचे अग्रगण्य केंद्र होय. तेथील डॉ. शैलेश श्रीखंडे आणि सहकाऱ्यांनी डी-२ शस्त्रक्रियेच्या अनुभवाचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय रुग्णांवरही ही शस्त्रक्रिया अल्प मृत्युप्रमाणात करता येते, असे त्यातून दिसून आले.

रसायनोपचाराची जोड

रक्तातून शरीरभर फिरणारे औषध सुरीच्या आवाक्याबाहेरील पेशींपर्यंत पोहोचते, हे रसायनोपचाराचे मुख्य तत्त्व आहे. १९५७ मध्ये पुढे आलेले फ्लुरोयुरासिल हे औषध आजही या उपचाराच्या केंद्रस्थानी आहे. प्रश्न होता तो औषध केव्हा द्यावयाचे हा.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक’ या ब्रिटिश अभ्यासात ५०३ रुग्ण होते. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ५ वर्षांनंतर २३ टक्के रुग्ण हयात होते. शस्त्रक्रियेपूर्वी ३ आणि नंतर ३ आवर्तने औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होते. २०१९ मध्ये जर्मनीतील ७१६ रुग्णांवरील ‘फ्लॉट’ अभ्यासाने आणखी एक पाऊल टाकले. चार औषधांचा हा संयोग दर दोन आठवड्यांनी, शस्त्रक्रियेपूर्वी ४ वेळा व नंतर ४ वेळा दिला जातो. या गटातील आयुर्मानाचा मध्यांक ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर गेला. आशियात दुसरी वाट चोखाळली गेली. तेथे प्रथम डी-२ शस्त्रक्रिया आणि नंतर औषध असा क्रम ठेवून जपानने २००७ मध्ये आणि कोरिया, चीन व तैवान यांनी २०१२ मध्ये चांगले परिणाम दाखविले.

औषध आधी देण्यामागे तीन कारणे आहेत. गाठ आकसल्याने ती पूर्णपणे काढणे सुलभ होते. दूर गेलेल्या सूक्ष्म पेशींवर लवकर मारा होतो. आणि शस्त्रक्रियेपूर्वी शरीर औषध अधिक चांगले सोसते. हे तिसरे कारण विशेष विचारात घेण्याजोगे आहे. ‘मॅजिक’ अभ्यासात सहाही आवर्तने पुरी करू शकलेले रुग्ण १०० पैकी सुमारे ४२ होते. ‘फ्लॉट’मध्येही निम्म्याहून कमी रुग्णांनी आठही आवर्तने पुरी केली. जठर काढल्यानंतर आलेला अशक्तपणा, हे गळतीचे एक मोठे कारण असते. म्हणून रुग्णाचे पोषण हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

घरातील आणि गावातील काम

जठर काढल्यावर अन्न साठविण्याची जागा राहत नाही. दोन वेळच्या पोटभर जेवणाऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते. मऊ भात, डाळ, अंडी, पचेल तसे मासे आणि नाचणीचे सत्त्व यांचा उपयोग होतो. अतिगोड पेये घेतल्यास घाम सुटणे, छाती धडधडणे, भोवळ येणे असा त्रास होऊ शकतो. संपूर्ण जठर काढलेल्या रुग्णास ब-१२ जीवनसत्त्व जन्मभर पुरवावे लागते, बहुधा इंजेक्शनद्वारे. ते थांबविल्यास काही वर्षांनी रक्तक्षय आणि मज्जातंतूंचे विकार उद्भवतात.

औषधांच्या आवर्तनांत पांढऱ्या पेशी घटतात. अशा वेळी १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास ती तातडीची अवस्था समजावी. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. बदलापूर ते परळ हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे. म्हणून रात्री-अपरात्री जवळच्या कोणत्या रुग्णालयात जावयाचे, हे पहिल्या आवर्तनापूर्वीच डॉक्टरांना विचारून ठरवावे आणि उपचाराचे कागद एका पिशवीत तयार ठेवावेत.

खर्चाच्या भीतीने अनेक कुटुंबे उपचार अर्धवट सोडतात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना कर्करोगाच्या शस्त्रक्रिया व रसायनोपचार यांना लागू आहे. २०२३ च्या निर्णयानुसार तिची मर्यादा कुटुंबामागे दरसाल ५ लाख रुपये करण्यात आली. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत मार्गदर्शन करतात. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील दिव्यांगांच्या राखीव डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही प्रवास करता येतो. भर गर्दीच्या वेळी परळ गाठणाऱ्या अशक्त रुग्णास या सोयीचे मोल फार आहे.

पंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयप्रमुख यांच्याकडून अपेक्षा मोठी नाही. महिनोन्महिने पित्ताची गोळी घेणाऱ्या आणि वजन घटत चाललेल्या माणसास दुर्बिणीच्या तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठविणे, शिधापत्रिकेतील त्रुटी वेळीच दूर करून देणे, कामगारास आवर्तनाच्या दिवसांची रजा विनासायास मिळवून देणे आणि राहिलेल्या आवर्तनांची आठवण करणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ होईल. व्हिएन्नातील पहिल्या रुग्णाजवळ केवळ शल्यविशारदाचे कौशल्य होते. आजच्या रुग्णाजवळ त्याच्या जोडीला औषधे आहेत, अनुभवी रुग्णालये आहेत आणि शासनाची योजना आहे. या साधनांपर्यंत तो वेळेत पोहोचेल आणि उपचार पुरा करील, हे पाहणे मात्र त्याच्या सभोवतालच्या माणसांच्या हाती आहे.